नववा आठवडा

फॉर्म पिवळा असतो.
खिडकीखालच्या खणात, डावीकडे.
मागायला येणारं पोर आधी हवेबद्दल बोलतं:
आज धूळ फार ना मॅडम,
डोंगर दिसतच नाहीत.

झैद परकार तसलं काही बोलला नाही.
माझ्या ओढणीवरची पाटी वाचली, कुंभोजकर,
आणि एकदम मराठीत म्हणाला,
"मला नाव काढायचंय."

रास अल खैमात अकरा वर्षं झाली,
या खिडकीत हे शब्द कुणी उच्चारले नव्हते.
आमच्याकडे पोरगं नाव काढतं
तेव्हा पेढे वाटतात.
हसू आलं होतं. हसले नाही.

नेहमीचे प्रश्न विचारले.
पाचातले किती विषय बुडतायत?
"एक. थर्मो."
अरे, एका विषयासाठी गुलाबी कागद असतो,
एकाच ओळीत डब्ल्यू येतो, पाचांत नाही.
फी परत? चौथ्या आठवड्यानंतर शून्य.
हा शून्य मी रोज सांगते,
वाणी उधारी बंद सांगतो तशी, वर न बघता.
व्हिसा कुणावर?
"अब्बांच्या."
आणि अब्बांचा?
"कंपनीवर."
इथे तो गप्प झाला.

थर्मोसाठी आलाच नव्हता तो.

बाप सकर बंदरावर क्रेन चालवतो.
त्याचे सहा चेक आमच्या तिजोरीत, पुढच्या तारखांचे,
प्रत्येकावर तीच सही, शेवटचा र लांबवलेली.
चौथा पंधरा तारखेचा.
पगार दोन महिने थकलाय,
हे बापाने सांगितलं नाही,
शुक्रवारच्या ताटातून सुरमई गेली
तेव्हा मुलाला कळलं.
"पंधराच्या आधी मी निघालो
तर चेक बँकेत जाणार नाही ना?"

कुणी सांगितलं तुला?
वर्गात कोण बसलंय ते चेकला ठाऊक नसतं.
पिवळा फॉर्म इथे, तिजोरी तिसऱ्या मजल्यावर,
दोघांची ओळख नाही.
वर जा. वर्गीसला सांग, तारीख पुढे ढकला.
आधी ओरडेल, मग चहा मागवेल.
त्याच्याही मुलीचे चेक
कुठल्यातरी खणात पडून आहेत.
आणि व्हिसाचा विचार कर:
उद्या कंपनीने हात वर केले
तर कॉलेजचा व्हिसा मागता येईल,
पण कॉलेजात असलास तर.
आणि घरी बोल. आज.
तू त्याला वाचवायला निघाला होतास
हे बापाला वर्गीसकडून कळू नये.

एक निळा फॉर्मही आहे. एका सत्राची रजा.
जागा राहते.
कुणी सांगत नाही, म्हणून कुणी मागत नाही.

मिरजेत, दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर,
मी कुठल्याच रंगाचा कागद भरला नाही.
एका सोमवारी गेले नाही, इतकंच.
आईचं ऑपरेशन, मग दुसरं,
मग माझं लग्न ठरलं.
शैला सांगायची, सर दिवाळीपर्यंत
एकेचाळीस, एकेचाळीस अशी हाक मारायचे
आणि थोडं थांबायचे.
चुकलं का माझं?
आई त्यानंतर चार वर्षं जगली.
ती कुठल्या खात्यात मांडू?

म्हणून जाऊ नकोस असं मी म्हणत नाही.
मागच्या वर्षी एका मुलीचा पिवळा फॉर्म
मीच भरून दिला होता,
तिचे हात थरथरायचे थांबत नव्हते.
काहींनी जायलाच हवं.
फक्त कशापासून जातोयस, ते बघ.

हे सगळं बोलले मी, की निम्मं मनातच?
मागे तीन पोरं उभी होती.

तो पेन घेऊन बाकाकडे निघाला,
दोरी ताणली गेली,
थांबला.
"शुक्रवारी बारापर्यंत वेळ आहे," मी म्हटलं,
"आज मंगळवार."
तारीख लावलेला शिक्का माझ्या हातात होता.
तो डबीवर पालथा ठेवला.
त्याने पेन जागेवर ठेवलं,
पिवळा आणि निळा, दोन्ही कागदांची एकच घडी केली,
शर्टाच्या खिशात सरकवली
आणि जिन्याकडे वळला.

वर गेला की खाली,
ते या खिडकीतून दिसत नाही.